खर्चाचा तपशील

वार्षिक सभेत पारधे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"शब्बाथ शाळा. तीन हजार एकशे चाळीस.
एवढा डिंक खातात का पोरं?"
सगळे हसले. मीही.

खाली टायरचं दुकान, वर आमची मंडळी,
खारेगावच्या नाक्यावर, रविवारपुरत्या भाड्याने.
उपदेश सुरू झाला की मुलांना जिन्याखाली पाठवायचं,
म्हणजे वर शांतता राहते.
आमच्या खात्याचं काम
बऱ्याच जणांच्या मते एवढंच.

जिन्याखाली रबराचा वास.
सतरंजीवर अकरा मुलं आणि कुणाचं तरी सांभाळायला दिलेलं बाळ.
पुठ्ठ्याच्या तारवात यंदा दोन जेसीबी चढले,
कारण अमोसने घरून तेच आणले होते.

मेंढपाळाचं पाठांतर घेताना
काळोखी दरी कुणाला कळेना.
दरी पाहिलीय कुणी इथे?
मी म्हटलं, पारसिकचा बोगदा आठवा.
मग प्रत्येकाने मुठीची नळी केली,
डोळ्याला लावली,
आणि उरलेल्या ओळी बोगद्यातून म्हटल्या.

मार्चमध्ये शलोमीचे पप्पा गेले.
क्रेन चालवायचे. चेहरा दाखवला नाही कुणाला.
दफनाच्या वेळी वाऱ्याने पाळकसाहेबांचं पान उलटलं,
ते शोधत राहिले,
मोठी माणसं आपापल्या रुमालात.
पेटी दोरांवरून उतरताना
शलोमीने मूठ डोळ्याला लावली.
"बाई, काहीच दिसत नाही."

सव्वीस वर्षं शिकवते आहे.
मला उत्तर आलं नाही.

अमोस पुढे झाला.
तिच्या मुठीपुढे त्याने आपली मूठ धरली.
त्याच्यापुढे रिबेका, मग तिचा भाऊ,
सगळ्यात पुढे रणपिशांचा शेंबडा,
उजवी चप्पल डाव्या पायात.
बोगदा लांबत लांबत
ओल्या मातीच्या ढिगापर्यंत गेला.
"आता?" अमोसने विचारलं.
"थोडं," ती म्हणाली.

खरंच दिसलं, की त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली,
माझं अजून ठरलेलं नाही.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
मी उभी राहिले. पदर सारखा केला.
पारधे साहेबांना म्हटलं,
डिंक पुरला नाही.
पुढल्या वर्षी तीनशे वाढवा.