अठ्ठावीसची खिडकी

भिंग वीसचं, वरची खिडकी अठ्ठावीसची.
मूळची, जोडीतली, वाघाडी ओलांडताना
काकाच्या खिशातून निसटली.
गुडघाभर पाण्यात आम्ही दिवस मावळेस्तोवर चाचपत होतो.
हाती आले शिंपले, आणि एका चपलेचा अंगठा.

मग यवतमाळहून ही आणली. आणली म्हणजे, मिळाली ती.
भिलाईच्या कुणा फिटरनं विकलेल्या त्या रशियन कॅमेऱ्यावर
ती बसायची, एका कोंबड्याच्या डोक्यावर
दुसऱ्याच कोंबड्याचा तुरा.

खाली आणखी एक खिडकी होती, पण या भिंगापुरती ती आंधळी.
अंतर काका पावलांनी मोजायचा.
नवरदेवापासून उलटं चालत सात पावलं,
सातव्याला पाठ गोठ्याच्या कुडाला टेकलेली.
म्हणून तर हे भिंग.
घाटंजीकडच्या त्या अंगणांत
मांगं सरकायला जागाच कुठं होती.

हलू नका बाप्पा. काऊन हासून राह्यला बे?
डोळा वरच्या खिडकीला,
आणि बटण दाबायच्या आधी कॅमेऱ्याची मान
ज्वारीच्या दाण्याएवढी वर.
खिडकी भिंगाच्या डोक्यावर बसते;
तिला दिसलेलं कपाळ भिंगाला दिसेलच असं नाही.
एकदा चुकला होता काका.
सरपंचाचं पागोटं गेलं, भुवयाही गेल्या.
ते गाव आम्हाला दोन वर्षं बंद.

बाजूंचं मात्र त्यानं कधी मनावर घेतलं नाही.
खिडकीत मावायचे ते वऱ्हाडी.
भिंग आगाऊ, चहूकडून जास्तीचं उचलायचं,
लुगड्याला काठ असतो तसं.
अंधाऱ्या खोलीत छापताना तो काठ काका झाकून टाकायचा.
‘त्याहीनं पैसे त्याहीच्याच थोबाडाचे देल्ले,’ म्हणायचा.

काका जाऊन चौदा वर्षं झाली.
ट्यूबलाइटवर दुधी काच ठेवून
मी निगेटिव्ह पाहत बसतो
आणि मधलं काही पाहतच नाही.

काठावर वाळत घातलेले सरगुंडे.
वासराला हाकलणारा कुणाचा तरी हात.
एक शेळी, भिंगानं ताणून म्हशीएवढी केलेली.
आणि उजवीकडे, जवळजवळ प्रत्येकात,
धोतराचं एक टोक (निगेटिव्हमध्ये काळं)
आणि ते धरलेली बोटं. ती माझी.
ऊन नवरीच्या हनुवटीखाली ढकलायचं काम माझ्याकडे होतं.
रोलागणिक बोटं जाड होत जातात,
मनगटावर घड्याळ येतं,
एका उन्हाळ्यात चिंधी बांधलेली आहे.
कशाची जखम, आठवत नाही.

मागच्या बुधवारी देवकाबाईचा मुलगा आला, रामकिसन.
अर्ध्या तालुक्याच्या लग्नांत तिनं भात उतरवला,
घरी तिचा एक फोटो नाही.
मी शोधला. सत्तावीसपैकी एका रोलात सापडली,
डावीकडे अगदी टोकाला, चुलीवरून वळून पाहताना,
कानापासून पुढे ओढत नेल्यासारखा चेहरा.
मोठा करून छापला.

रामकिसन बराच वेळ पाहत राहिला.
‘मायचं तोंड असं लांब नोहतं.’
मी त्याला भिंगाचं सांगितलं, काठाला सगळंच ताणलं जातं म्हणून.
‘मंग कसं होतं?’
मी तिच्या हातचं पन्नासदा तरी जेवलो असेन.
मला सांगता आलं नाही.
त्यालाही नाही.

पैसे विचारले त्यानं. मी नको म्हणालो,
तरी टेबलावर ठेवून निघाला,
फोटो छातीशी धरून, तोंडाची बाजू आत.
कॅमेरा समोरच होता. उगाच डोळा लावला वरच्या खिडकीला.
रामकिसन उंबऱ्याशी आला, चपला शोधल्या पायांनी,
कडेला गेला, मग खिडकीबाहेर.

भिंगात अजून होता.