वाढवल्या

पणजीच्या पुराभिलेखात माझा खापरपणजोबा
एका नोंदीत बाई झाला आहे.
पोर्तुगीज कारकुनानं 'सगुण' ऐकलं, लिहिलं 'सागुना',
आणि पुढच्या कारकुनानं, शेवटी आकार दिसल्यावर,
शहाणपणानं भर घातली: मोर्तूची मुलगी, बोरी गावची, धंदा व्यापार.
मी त्या टेबलाशी एकटीच हसले.
शिपाई म्हणाला, बाय, हळू.

आमच्या वंशावळीत तर एकही मुलगी नाही.
काकांनी जाड कागदावर झाड काढून घेतलंय:
मोर्तू, मोर्तूचा सगुण, सगुणाचे फटू आणि दुलबा,
फटूचा वंश वाढला, दुलब्याचा नाही.
पान न् पान पुरुष.
जणू हे लोक एकमेकांच्या अंगातून लागले,
फणसासारखे, खोडालाच.

मग शिरोड्याच्या आत्तेकडे वही निघाली.
लांबट, वाळवीनं कडेकडेनं चाखलेली, मोडीत.
शंबा मास्तरांनी भिंग धरलं
आणि पहिल्याच पानाला थांबले:
"अगो, ही उधारीची नव्हे. हातांची आहे."

करवंटीच्या सात कड्या होत्या म्हणे सगुणाकडे,
पहिलीतून पोरीचा हात जाई, सातवीतून भाटकारणीचा.
जिचं जे माप, ते तिच्या नावापुढे.
सुभद्रें, कुळागराकडची: चार. डावा हात आखडलेला, तेल जास्त.
येसू, देवळामागची: तीन. बोलत ठेवावी, नाहीतर हात ओढते.
मोगरें: पाच.
पुढल्या साली मोगरें: चार.
त्याच्या पुढल्या साली: तीन.
इथे मास्तर बराच वेळ भिंग पुसत बसले.

जुवारी ओलांडून लोटलीलाही जायचा तो,
होडीत मांडीवर पेटी, पेंढ्यात चुडे.
एस्कोलास्तिका, मिंगेल पोदेराची: चुडो, हिरवा नि पिवळा.
आई रडली. मामानं दोन रुपये दिले, राणीछाप,
पैकी एक बद्द वाजतो.
काच बेळगावहून घाट उतरून यायची, बैलांवर,
मग सावर्ड्यापर्यंत रेल्वेनं. त्यावर वहीत एकच ओळ:
"आगीनगाडीची काच. तिला आमच्या बायकांचे हात ठाऊक नाहीत."

'फुटली' असं त्यानं कुठेही लिहिलेलं नाही.
धंद्याची जीभ ती. वाढली म्हणायचं.
कांडताना वाढली. बावीवर दोन वाढल्या.
नवऱ्यानं वाढवल्या, चार. पैसे घेतले नाहीत.
'घेतले नाहीत'पाशी शाई दाट आहे.
टाक नुकता बुडवला असेल,
मीच जास्त अर्थ काढत असेन.

सहाशे अकरा बायका मोजल्या आम्ही.
त्यांत सगुणाची बायको नाही.
घरच्या हाताचा हिशेब कोण ठेवतो, मास्तर म्हणाले,
आणि आत चहाचं सांगितलं.

ती शेवटून तिसऱ्या पानावर आली.
अक्षर बदललेलं, फटूचं असावं,
ओळी उजवीकडे खाली उतरणाऱ्या.
वर चतुर्थीची बाकी.
खाली लोटलीचं येणं, साडेतीन रुपये.
मध्ये:
घरचे. माप दोन. बारा वाढवल्या.
नवीन नको.

रात्री काकांना फोन केला.
म्हटलं, झाडावर सगुणाच्या शेजारी जागा करा.
नाव काय घालू, त्यांनी विचारलं.
नाव नाही सापडलं. तूर्त आकडा घाला,
दोन.
पलीकडे थोडा वेळ टीव्हीचाच आवाज.
मग काका, घाबरून:
दोन बायका होत्या त्याला?