शिंग्यांची रापी

माझ्याकडं त्रेसष्ट पाती आहेत.
बायको म्हणते, आणि भाजी चिरायला एक नाही.
खरं आहे. तिची सुरी वेगळी:
मीच कधी कारखान्यातून आणलेला हॅक्सॉचा तुकडा,
शेपटाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
ती माझ्या मोजणीत घालू देत नाही.

एकतीस वर्षं उद्यमनगरात ग्राइंडिंग केलं,
दुसऱ्यांच्या हत्यारांना धार.
पहिली घेतली ती जुन्या बाजारातली,
घडीची, शिंगाची मूठ, गंजानं दातखीळ बसलेली.
उघडत नाही म्हणूनच स्वस्त, विकणारा म्हणाला.
रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली.
पहाटे नखानं ओढली, आणि टक्क.
घरात कुणी जागं झालं नाही.
मी त्या आवाजानं जो जागा झालो, तो झालोच.

मग येत गेली.
गगनबावड्याच्या लोहारानं ट्रकच्या पाट्यातून ठोकलेला सुरा,
पाठीवर हातोडीचे वण तसेच.
जर्मन म्हणून घेतलेला एक,
घासला तर आतून निघाला आपल्याच मुलखातला,
त्यालाही ठेवला, त्याचा काय दोष.
पेन्सिल तासायची पितळी मासोळी.
निवडणुकीच्या तोंडावर हवालदार आला फूटपट्टी घेऊन,
एकेक पातं मोजलं, वहीत लिहिलं,
मासोळीपाशी थांबला.
"असली होती माझ्याकडं. चौथीत. मास्तरनं काढून घेतली."
ती त्यानं मोजली नाही.

सुभाषनगरात शिंग्यांकडं मी चपलेला जायचो,
बघायचो मात्र रापी.
चाळीस वर्षं कातडं कापून कापून
कातड्यानंच तिला खाल्लेली.
तळहाताएवढी होती म्हणे, आता चिंचेच्या आकड्याएवढी.
मुठीत अंगठ्याचा खड्डा,
पाणी घातलं तर चिमणी पिईल.
म्हटलं, मला द्या. नवी आणून देतो, वर काय हवं ते.
"नवीला वळण लागंपर्यंत मीच जायचो की वर."
तीन वर्षं विचारत राहिलो.
एका पावसाळ्यात, दुकानात गिऱ्हाईक नसताना,
त्यांनी ती पुसली आणि फरशीवर ठेवली.
सुरी हातात देत नाहीत. वैर येतं.
"उचला," म्हणाले, आणि रस्त्याकडं बघत बसले.

घरी आणून हिरव्या बनातीत खाच कापली,
पेन्सिलीनं तिच्या कडेकडेनं फिरून.
बाकी सगळ्यांना तेल लावतो. हिला लावलं नाही.
धारही लावली नाही.
लावणार कुठं, पोलाद उरलंय कुठं.

नवव्या दिवशी दारात शिंगे.
चप्पल बाहेर काढली, स्वतःच शिवलेली,
आत येईनात.
"नवी चांगलीय हो. पोलाद चांगलंय.
पण ती मला विचारती, कुठनं कापू?
हिला सांगाय लागत नव्हतं."
उजव्या हाताला अंगठ्यापाशी चिंधी बांधलेली.
पैशाचं काही बोलले नाहीत, मीही नाही.
पेटी उघडली.
रापी काढून उंबऱ्याच्या आत, फरशीवर ठेवली.
म्हटलं, उचला.
उचलताना बघितलं नाही त्यांनी,
बोटं आपणहून खड्ड्यात गेली.

खंडेनवमीला सगळी पाती पाटावर मांडतो,
बनातीसकट, हळदकुंकू, एकेकावर झेंडू.
बायको तिचं हॅक्सॉचं पातं धुऊन आणते,
कडेला ठेवते, न बोलता,
मीही न बोलता त्यावर फूल घालतो.
यंदा पाव्हणा आलेला, माझ्या मेव्हण्याचा धाकटा, यशवर्धन,
सगळं बोट लावून बघत गेला,
त्या रिकाम्या खाचेवरचं फूल उचललं.
"इथलं हरवलं का हो?"
नाही रे, म्हटलं. ठेव ते परत.
कामावर गेलंय.