हाऊ पाइप कोना शे?

चोपड्याला, मे महिन्यात, सकाळी साडेसहाला
सुपडू मिस्तरी अंगणात उकिडवा बसतो,
भेगेशी नाक नेतो, म्हणतो, "आठेच तुंबेल शे."

यांनी नकाशा काढून ठेवलेला, सत्त्याण्णव साली,
वीजबिलाच्या पाठीवर, निळ्या बॉलपेनाने:
शेवग्यापासून पाच पावलं, मग उजवीकडे दोन.

शेवगा वादळात पडला, त्याला सहा वर्षं झाली.
पावलं यांचीच, पण गुडघे गेल्या दिवाळीत बदललेले.
हे पाच चालले. पुन्हा चालले.
दर वेळी निराळ्याच जागी पोचले.
"तेव्हा ढांग मोठी होती," म्हणाले
आणि टाकीच्या कठड्यावर जाऊन बसले.

मग सुपडूने माझ्याकडे रांगोळी मागितली.
निळी पाण्याची, लाल करंटची,
नारिंगी नव्हती, तर नेटच्या वायरीला हळद.
रस्त्याने जाणारी दूधवाली थांबून म्हणाली,
"आज काय आहे तुमच्याकडे?"
गटार, म्हटलं.

हाताखाली गेमा, सातपुड्याच्या पायथ्याचा, मिसरूड फुटलेला.
सुपडू त्याला सांगतो, "पहार बाजूले ठेव."
मग खुरपं, मग नुसती बोटं.
काळी माती ही. हिच्यावर केळी पोसते,
आणि हीच पावसाळ्यात फुगून, उन्हाळ्यात आकसून
चिनी मातीच्या पाइपाचे सांधे उचकटते.

वीतभर खाली एक काचेची गोटी, नातवाची नव्हे, मुलाची.
मग आडव्या लावलेल्या विटा.
वीट दिसली की थांबायचं, विटेखाली करंट असतो.
गेमा थांबला. घाम पुसला. कडेने गेला.
आणि तिथे, रांगोळीत नाही, नकाशात नाही,
अर्ध्या इंचाची लोखंडी नळी, घामेजलेली.

"हाऊ पाइप कोना शे?"

गेमाने तळवा ठेवला. थरथरत होती.
आज नळाचा दिवस, तीन दिवसांनी आलेला.
नळी धुण्याच्या दगडाखालून निघून
भिंतीखालून पलीकडे, कोकिळाबाईंकडे.

अकरा वर्षं बोलणं नाही.
भिंत चार बोटं आत की चार बोटं बाहेर, यावरून.
मी यांच्याकडे पाहिलं. हे गुडघा चोळत होते.
"तेव्हा बोलणं होतं," म्हणाले.

नळीच्या बरोबर खाली आमचा फुटका सांधा.
आमचं सांडपाणी, त्यांचं पिण्याचं,
मध्ये एक वीत ओली माती.

मी चपला न घालताच गेले.
हंडा नळाखाली लागलेला होता.
अकरा वर्षांनंतरचं माझं पहिलं वाक्य:
"आज पाणी भरू नका."

त्या आल्या. पदर नाकाला. खड्ड्यात वाकून पाहिलं.
"किती दिवसांपासून?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.
त्यांच्या सुनेला मार्चमध्ये सलाइन लागलं होतं,
ते मात्र मला माहीत होतं.

दुपारी बाराच्या उन्हात सुपडूने नळी कापली,
बाजूने वर घेऊन जाड पाइपातून ओवली, पुन्हा सांधली.
खाली आमचा नवा तुकडा, त्यावर वाय,
उतार रस्त्याकडे, एक पाइप उभा वरपर्यंत,
आणि फरशीच्या बरोबरीने आट्यांचं झाकण.
"आते आंगन खोदानं काम नही," म्हणाला.
झाकण उघडून त्याने आत तार सोडली, फिरवली, ओढली.

बाहेर आली मुळं. शेवग्याची.
गंगावनासारखी लांब, टोकाला पांढरी, ताजी.
हे कठड्यावरून उठले, काठी न घेता.
मुळं हातात घेतली, त्या घाणीसकट.
"म्हणजे नकाशा बरोबर होता," म्हणाले.

आता नवा नकाशा. या वेळी पावलं नकोत, टेप.
एक टोक झाकणाशी, सुपडूच्या अंगठ्याखाली.
दुसरं कोणी धरायचं म्हणून कोकिळाबाईंनी धरलं,
भिंतीपाशी गेल्या, आणि थबकल्या.

"कुठल्या कडेपासून?"

"कोठेबी धर, बाई," सुपडू म्हणाला, "ऊन लागी ऱ्हायनं."
हे बॉलपेन घेऊन थांबलेले.
मी काही बोलले नाही.
पायाखाली हळदीची रेघ होती, अर्धी पुसलेली.