मुद्दा क्रमांक नऊ

कोर्टाच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली माझं टेबल.
पानाला पंधरा रुपये, डावीकडं चार बोटं समास,
सोलापूरचं एप्रिलचं ऊन कीबोर्डच्या फटीत.
आज उंबरजेसाहेबांचं अपील.

साहेब समोरच्या बाकड्यावर,
इन्सुलिनची डबी मांडीवर.
चार वर्षं सक्तमजुरी, सध्या जामीन.
नाले विभागात होते तेव्हा
यांच्या केबिनबाहेर लोक चपला काढत.
आता मला विचारतात, ‘जरा लवकर होईल का?’
ऐकून बरं वाटतं, लपवत नाही.

प्रत्येक मुद्दा ‘दॅट’नं सुरू होतो.
दॅट द लर्नेड जज एर्ड.
विद्वान न्यायाधीश चुकले:
एक, खटल्याला मंजुरी देणारा सक्षम नव्हता.
चार, मूळ रजिस्टर नाही, झेरॉक्सवर शिक्षा.
सहा, सह्या वरच्यांच्याही होत्या; वरचे साक्षीदार झाले.
बोटं आपोआप चालतात. अशी किती माणसं मी
कागदावर निर्दोष केलीत.

मग निशाणी त्रेचाळीस. हजेरीपट.
नालेसफाई, मे महिना, सव्वीस दिवस.
मजूर नरसया यन्नम, घोंगडे वस्ती. अंगठा.

बाबा.
फेब्रुवारीतच गेले होते.
चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले,
नाल्यात कधी उतरले नाहीत.
आणि अंगठा?
तेलुगूत सही करायचे, गोल गोल,
रेशनच्या दुकानातसुद्धा, हट्टानं,
मागची रांग ओरडेपर्यंत.

मुद्दा नऊ: ठसा तज्ज्ञाकडं पाठवलाच नाही.
वकीलबाई म्हणतात, कोल्हापूरच्या खंडपीठात
नंबर लागेल तेव्हा लागेल, पण सुटतील ते यावरच.
खरंय. पाठवायलाच हवा होता.
मलाही कळू दे
कुणाचा अंगठा सव्वीस दिवस
माझा बाप झाला होता.

काही बोललो नाही.
साहेबांनी दोन चहा सांगितले.
मी घेतला.

हजेरीपटात नावाला एकच ‘य’,
म्हणून इंग्रजीतही एकच वाय.
बाबांना दोन होते.
मी दुसरा टाकला.
वकीलबाईंनी प्रिंटवर लाल पेनानं खोडला.
‘मुळाबरहुकूम ठेवा हो, यन्नम.’

साहेबांनी मान वर केली.
ग्लास ओठांपाशी तसाच.
बराच वेळ.
‘किती पानं झाली?’
‘चौऱ्याऐंशी,’ मी म्हटलं.
‘अजून निशाण्या आहेत.’