शहाण्णव खळगे

धुळ्यात मे. बाहेर चव्वेचाळीस,
पेटीत सदतीस. वीज गेली की
आधी पेटीकडे धावते, मग घाम पुसते.

शहाण्णव खळगे. त्यांत मेंदूच्या मूळपेशी,
काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या.
वर एकेक थेंब औषध.

आठवा दिवस. सहाव्या ओळीत एकीनं
शेजारणीकडे धागा टाकलाय.
सातवीत मात्रा जड झाली, सगळ्या गेल्या.
तेही लिहायचं असतं.

रात्रपाळीचे वेडूआप्पा
चष्मा कपाळावर ढकलून भिंगाला डोळा लावतात.
"हाई जित्तं शे?"
"हो."
"मंग हाई काय याद करस?"

घरी चिंधाबाई हल्ली त्यांना
दिराच्या नावानं हाक मारते.

वहीत तसा रकाना नाही.
समासात लिहून ठेवते,
पेन्सिलीनं.