नमुना नंबर आठ

मार्चअखेर. वसुली एकोणचाळीस टक्के.
वरून आदेश, फेरआकारणी करा,
म्हणून टेप घेऊन फिरतोय धामणसांगवीत,
टेपचं दुसरं टोक शिपाई हैबतीच्या बोटात.
रकाने सोपे: मालक, बांधकाम, वापर, साल.
सालापाशी गाव अडतं.

गढी.
उरलाय अर्धा बुरूज, त्यावर कडुनिंब.
हैबती म्हणतो, पडली नाही साहेब, नेली.
दर मिरगाआधी टोपल्याटोपल्यांनी
पांढरी माती, माळवदांवर टाकायला.
ज्या देशमुखासमोरून चपला हातात घेऊन जायचे
त्याच्या भिंती आता सगळ्यांच्या डोक्यावर,
थेंब गळू देत नाहीत.
मी लिहिलं: गढी, पडीक.
मग वर बघितलं, दीडशे माळवदं,
आणि खोडलं.

बारव.
पायऱ्या उतरताना एकेचाळीस, चढताना बेचाळीस.
हैबती म्हणतो, सगळ्यांचं तसंच होतं.
तळाच्या दगडावर अक्षरं आहेत.
खजिन्याचा पत्ता, असं चार पिढ्यांना ठाऊक होतं,
दोघांनी रात्री कुदळीही आणल्या होत्या.
मग नांदेडहून एक मास्तर आले, दगडाला पीठ चोळलं, वाचलं:
कुण्या दामनायकानं दिव्याच्या तेलासाठी
दोन निवर्तनं जमीन दिली.
एवढंच?
गाव आठवडाभर हिरमुसलं.
अन्वरबी त्याच दगडावर गोधड्या आपटते.
म्हणते, अक्षरांनी मळ चांगला निघतो.

कोंडवाडा. वापर: संगणक कक्ष.
सटवाजीचा बैल इथं तीन दिवस उपाशी उभा होता
आठ आण्यांसाठी.
त्याचा नातू आता त्याच दारात उभा,
सातबारा निघत नाही, सर्व्हर डाऊन.
खुंट्याची कडी भिंतीत तशीच आहे,
पोरं तिला चार्जरची वायर अडकवतात.

चावडी.
पाटीवर मराठी, रंग खरवडला की खाली उर्दू,
त्याच्याखाली नुसतं लाकूड.
चौकट एका बाजूनं जळालेली.
अठ्ठेचाळीस साल, दोन्ही गल्ल्या सांगतात,
आधी त्यांनी, मग ह्यांनी.
महिने वेगळे, रॉकेल एकाच दुकानातलं.
मी बोटानं कोळसा पुसून पाहिला. बोट काळं झालं.
इतक्या वर्षांनी.
साल लिहिलं नाही. हैबती काही बोलला नाही.

मठाची कमान धड आहे. आशुरखान्याला नवा पत्रा.
भिंती दगडाच्या, म्हणून त्र्याण्णवच्या त्या पहाटेपासून
शेजारचे अजून अंगणात झोपतात,
थंडीतसुद्धा.

आणि शेवटी, वेशीबाहेर, करोडगिरीचा नाका.
इथं मोगलाई संपायची,
ओढ्यापलीकडं इंग्रजी मुलूख, तिथलं कापड स्वस्त.
काळ्या दगडाची एक खोली, एक खिडकी,
खिडकीचा उंबरा हातांनी झिजलेला.
रस्ता दूर सरकला तेव्हा
नाक्याला कुणी कळवलं नाही.

गिरजप्पा येऊन पारावर बसले,
त्यांनी आत्याची गोष्ट काढली.
केवळाबाई, लग्न पलीकडं लागलेलं,
हळदीच्या अंगानं सासरहून पहिल्यांदा माहेरी येत होती.
नाकेदार म्हणाला, लुगड्यांवर जकात.
ती म्हणाली, कुठली लुगडी?
पाचही नेसून आली होती, एकावर एक,
वैशाखात.
बैलगाडीतून उतरेना, वाकता येईना,
नाकेदार हसत सुटला की गोंधळला, ते माहीत नाही,
सोडलं.
घरी येऊन एकेक फेडताना
आई मोजत होती आणि रडत होती,
पाचव्याला दोघी हसल्या.

मालक?
हैदराबादचं सरकार गेलं, मुंबईचं गेलं,
बांधकाम खातं म्हणतं आमचं नाही,
महसूल म्हणतो दप्तर जळालं.
वापर: एस.टी.ची वाट बघणं, शेळ्या, कधी पत्ते.

गिरजप्पांनी माझ्या वहीत डोकावलं.
रकाना मोकळा कशाला ठेवता, म्हणाले,
आत्याचं नाव टाका.
हैबतीनं टेप सोडून दिला, तो सळ्ळकन माझ्या हातात आला.

लिहिलं, पेन्सिलनं:
केवळाबाई. वर्ष माहीत नाही.
घरपट्टी शून्य.
मागील थकबाकी:
लुगडी, पाच.